अर्ध्या एकराचं कडवळ

नाई मॅडम, थांबा, सही नका घेऊ अजून. ते पेन ठेवा खाली आन् या बाजेवर बसा अगोदर — उन्हातानाच्या आल्या, पाणी घ्या. गाडी निंबाखाली लावली ना? बरं केलं. हे पाहा, मी नाई म्हणून नाई राहिली, आन् हो बी म्हणून नाई राहिली, हेच तं सारं दुखणं हाय. तुमी म्हणता आजच सांगा, चार वाजेपर्यंत सांगा, नाई तं बियाचं पाकीट पुढच्या गावाले जाईन. जाऊ द्या ना मंग — नाई, तुमाले नाई बोलत मी, तुमी काहून वाईट वाटून घेता. तुमचं काम हाय ते. मले राग येते तो आमच्या घरच्या माणसाचा. काल तुमचा फोन आला तवाच त्यायले म्हटलं, उद्या कृषीच्या मॅडम येऊन राहिल्या, ढोराच्या चाऱ्याचं बी देऊन राहिल्या, फुकट हाय, पेरायचं का नाई ते ठरवून ठेवा. तं काय म्हणाले, माहीत हाय? "तू पाय." बस. तू पाय. आन् सकाळी फडक्यात भाकर बांधली, ढोरं सोडले आन् नाल्याकडे गेले ते गेले. आता मी काय पाहू? मले काय कॉलेजात शिकवलं काय?

लिवा ना, जेवढं लिहिता येते तेवढं लिहून घ्या. शेतकऱ्याचं नाव — शेषराव पुंडलिक तेलगोटे. मी इंदूबाई, त्यायची बायको. सातबाऱ्यावर माहं बी नाव हाय, आमच्या ज्योत्स्नानं लावून घेतलं — पोरगी माही, अकोल्यात नर्स हाय. भांडून नाई लावलं, तिच्या बाबानंच म्हटलं होतं, आईचं नाव लाव म्हणून. जमीन तीन एकर. जनावरं तीन, म्हैस एक, गाय एक, कालवड एक. पह्यले पाच होते, बैलजोडी धरून, पण तुमच्या कागदावर पह्यलेचा रकाना नसन. पाण्याची सोय? हां — तो रकाना असा बसून नाई भरायचा. चला, दाखवतो. चपला घाला, काटे हायेत वाटेनं.

वाकून पाहा, लय नका वाकू, काठ ढिला हाय. दिसलं? ते खाली ताटलीएवढं चमकून राहिलं, ते पाणी. अडीच हात हाय. पंप लावला का पंधरा मिनिटं चालते, मंग नुसती हवा ओढते, गुरगुर करते, का बंद करा आन् दुसऱ्या दिवसाची वाट पाहा. तथी त्या कोपऱ्यात बोअर मारून पाह्यली, तं खारं लागलं. आमचा हा सारा पट्टाच खारा हाय ना, तुमाले तं माहीतच असन — ढोर तोंड लावते आन् मान झटकते. तं आता 'विहीर आहे' असं लिवान तुमी, तं तेल्हाऱ्याच्या हापिसात वाचणाऱ्या सायबाले वाटन का पाणी हाय बावा या बाईजवळ. 'नाही' लिवान, तं पाकीट भेटत नाई. म्हून म्हटलं का बसून नाई भरायचा. पाऊस पोळ्याच्या आधी जे गेला, त्यानं मागं वळून पाह्यलं नाई. पऱ्हाटीले बोटाच्या पेराएवढे बोंडं आले, सोयाबीनच्या शेंगात तं दाणाच नाई. मळणीचं कुटार किती निघालं? तो टिनाखालचा ढीग दिसते ना, तेवढं. दिवसाले दोन टोपले टाकले तं संक्रांतीपर्यंत पुरते, एक टाकलं तं होळीपर्यंत. आन् होळीच्या पुढं? पुढं बाभळीच्या शेंगा आन् निंबाचा पाला, आन् तोबी पुरा गाव ओरबाडून राहिला. कडबा इकत घ्या म्हणतात लोकं — कोणाच्या घरी हाय? ज्याच्या घरी हाय तो त्याच्याच ढोराले पुरवून पुरवून टाकून राहिला.

म्हणजे पेरलं पाहिजे, बरोबर? कोणीबी म्हणन पेरलं पाहिजे. आता पेरलं तं माघ-फागुणात कडवळ उभं राह्यते, ढोरं उन्हाळा काढतात. आन् पेरलं नाई तं ह्या तिघी उन्हाळा काढत नाईत, म्हशीचे तं हाडं आताच वर आले. मंग अडलं कोठं? अडलं ते ह्या अडीच हात पाण्यावर. पाकिटात काय हाय तुमच्या? मका असन तं — नाई? संपला? तेच. मका साऱ्या गावाले पाहिजे, तो पह्यल्याच दिवशी संपते, उरली ती जवारी. काहून उरली? लोकाले काय येड लागलं काय फुकटची जवारी सोडाले? तुमी शिकल्या असान ते, मी तुमाले काय सांगू, पण कोवळी जवारी पाणी तुटलं का सुकते, पानं गुंडाळते, आन् तशी सुकलेली कोवळी जवारी ढोराच्या पोटात गेली तं अर्ध्या घंट्यात ढोर आडवं. किराळ लागलं म्हणतो आमी. फुलावर आल्यावर काही होत नाई, मंग हवी तेवढी टाका. पण फुलावर येईस्तोवर पाणी तं पाहिजे ना. इहिरीनं मधातच हात वर केले तं तुमी चारा नाई पेरला, जहर पेरलं. हे मी पुस्तकातलं नाई सांगून राहिली, मॅडम. हे आमच्या ह्याच वावरात झालं. ह्याच इहिरीच्या खालच्या अर्ध्या एकरात, जथी तुमी आता उभ्या हान, तथून ते त्या बांधाच्या धुऱ्यापर्यंत.

सहा वर्ष झाले. तवाबी असाच पाऊस दगा देऊन गेल्ता. आन् तवा ह्याच माणसाचा उत्साह तुमी पाह्याचा होता. "तू पाय" म्हणणारं माणूस नव्हतं ते. आमच्या विहारात रोज सकाळी पेपर मोठ्यानं वाचून दाखवत, बाया-माणसं बसून ऐकत, कोणाचा अर्ज असो, कोणाच्या पोराचा दाखला असो, शेषराव दादाले विचारा. अकोल्याले दोन दिवसाचं शिबिर झालं चाऱ्याचं, तं आपल्या मनानं गेले, वहीत लिहून आणलं, आन् बी घेऊन आले. गावात कोणी पेरलं नाई, ह्यायनं पेरलं. अर्धा एकर. बाजूचे उत्तमराव धुऱ्यावर उभे राहून हासत, "शेषराव, ढोराच्या पोटाले तुह्यी वही वाचता येते काय बे?" हे बी हासत. रागावत नसत तवा. सरी-सरीनं पाणी देलं, बाभळीचे काटे तोडून चारी बाजूनं कुपाटी घातली, मध्ये जायाले एक खुडा ठेवला, त्याले बी काट्याचं झापड. आन् मले बजावून सांगितलं, एकदा नाई, रोज सांगत — इंदू, फूल दिसल्याशिवाय याची काडी बी ढोरापुढं नाई गेली पाहिजे. मी म्हटलं, आता कितीवेळा सांगान, मी काय बहिरी हावो?

जवारी गुडघ्याएवढी झाली आन् मोटर जळाली. घ्या. इहिरीत पाणी होतं थोडं तरी, पण वर आणणार कशानं? एक दिवस गेला, दोन दिवस गेले, तिसऱ्या दिवशी जवारीनं पानं गुंडाळाले सुरवात केली, दुपारून पाहावं तं सुतळीसारखं पान. हे रिक्षात मोटर टाकून तेल्हाऱ्याले गेले, भरून देणाऱ्यानं सांगितलं परवा या. परवाच्या दिवशी हे सकाळच्याच गाडीनं गेले मोटर आणाले. जाता जाता बी खुड्याचं झापड ओढून पाह्यलं, मी पाहून राहिली होती इथूनच, दोनदा ओढून पाह्यलं. आन् इकडे ढोराच्या कोठ्यात कुटाराचा तं नुसता भुसा उरला होता, धूळच ती. चांदी होती आमची, पांढऱ्या कपाळाची गाय, इथंच जन्मली, तिच्या मायच्या आन् तिच्या दुधावर माही पोरगी नर्सिंगपर्यंत शिकली. सात महिन्याची गाभण होती. तिची पह्यली कालवड बाजूले बांधलेली. आन् ही तांबडी, जे आता नाल्यावर गेली. तीन दिवसापासून त्या भुश्यात तोंड घालत आन् शिंकत. चांदी तं भिंत चाटे. ढोर भिंत चाटाले लागलं ना मॅडम, का माणसाले घरात जेवण गोड लागत नाई.

मंग काय झालं, ते साऱ्या गावाले माहीत हाय. ढोरं दावं तोडून कुपाटीत घुसले, जवारी खाल्ली, दोन मेले. उत्तमरावले विचारा, तेच सांगतीन. कोणालेबी विचारा. हे दोनच्या गाडीनं आले, खांद्यावर मोटर, तं अंगणात माणसं जमलेली. चांदी आडवी पडली होती, पाय ताठ, तोंडाले फेस, डोळे असे मोठे. कालवड तिच्या आधीच गेली होती. डॉक्टरले उत्तमरावच्या पुतण्यानं मोटरसायकलवर आणलं, त्यायनं इंजेक्शनं देले, तांबडीले देलं ते लागू झालं, तिनं थोडंच खाल्लं होतं, संध्याकाळी ते उभी राह्यली. चांदी नाई राह्यली. पोटातलं वासरू बी गेलं. डॉक्टर चांगलं माणूस होतं, रागावलं नाई, नुसतं विचारलं का हे कसं खाल्लं ढोरानं, कोणी टाकलं का सुटले. आन् मी तोंड उघडाच्या आधी हे बोलले. साऱ्या लोकासमोर, मोटर अजून खांद्यावरच होती, तशेच. "माह्यी चूक हाय सायेब. खुडा माह्यानं उघडा राह्यला." उत्तमराव म्हणाले, एवढी वही लिहिली आन् खुडा लावाले भुलला. कोणी हासलं बी असन. ह्यायनं मान वर केली नाई.

तथून जे बसलं ते माणूस, ते आजपर्यंत. विहारात पेपर वाचणं बंद. शिबिर नाई, वही नाई, बैलजोडी इकून टाकली, वावरात दरवर्षी पऱ्हाटी आन् सोयाबीन, सोयाबीन आन् पऱ्हाटी. काही विचारा, तू पाय. तू म्हणशीन तसं. ज्योत्स्नाच्या लग्नाचं विचारलं, तू म्हणशीन तसं. आन् मी — खोटं काहून बोलू — मी बी कमी नाई बोलली ह्या सहा वर्षात. मी म्हटलं, एका गायीनं माणसाचं पाणी गेलं काय. मी म्हटलं, लोकाचे बैल इजेनं मरतात, लोकं दुसरे घेतात, तुमी काय सुतक धरून बसले. परवाच बोलली, शेजारीन ऐकून राहिली होती तरी बोलली का ह्या घरात पुरुष माणूस हायच नाई, नुसता एक राखण्या हाय. ते भाकर खाऊन राहिले होते. अर्धी भाकर ताटात ठेवली आन् उठले. मी म्हटलं उठा, उठणंच येते तुमाले. माणसानं एकदा तरी उलटून बोलावं का नाई, मॅडम? दोन शब्द बोलावं, ताट फेकावं, काही तं करावं. मी टोपलं टाकून मांगं वळली तवा चांदी बी अशीच पाहून राहिली होती मायाकडे, गुपचूप, आन् तिच्या पायाले —

काय म्हटलं मी?

नाई, तुमी लिहिणं थांबवलं म्हून विचारलं. टोपलं म्हटलं मी? कुटाराचं टोपलं असन. नाई... असू द्या. असू द्या आता, निघालं तोंडातून तं निघालं. तुमी ते लिहू नका कागदावर. बसा — इथं काठावर नाई, इकडे, या दगडावर. कोणाले सांगितलं नाई हे मी. पोरीले बी नाई.

ढोरं नाई सुटले. कुपाटी तशीच होती, खुडा तसाच होता, दोनदा ओढून पाह्यलेला. मी गेली आत. हे गेले आन् घंट्याभरानं मी इळा घेतला आन् झापड बाजूले केलं. काहून केलं? आता तुमी बी विचारान, एवढं बजावल्यावर काहून केलं. भिंत चाटे ना ते. गाभण गाय भिंत चाटे आन् समोर हिरवंगार अर्धा एकर उभं, वाऱ्यानं त्याचा वास येये कोठ्यापर्यंत, तिघी माना लांब करकरून हंबरत. मी म्हटलं एक टोपलं. एका टोपल्यानं काय होते. ह्यायच्या वहीत काय, सारंच लिवलं राह्यते, आमच्या मायनं कवा वही पाह्यली नाई तरी ढोरं पाळले ना. दोन ओळी कापल्या, ह्या टोकापासून बाभळीपर्यंत. आन् गव्हाणीत टाकलं. चांदीनं खाल्लं, मॅडम... तिनं माहा हात चाटला. मी खुश झाली. खरं सांगतो, खुश झाली मी, मले वाटलं बापा, मी किती शहाणी. आन् घरात जाऊन भाकरीचं पीठ काढलं तं धप्पकन आवाज आला.

मंग मी काय केलं माहीत हाय? रडली नाई, कोणाले हाक मारली नाई अगोदर. अगोदर गव्हाण झाडली. उरलेली पानं जमा केली, शेणाच्या खड्ड्यात टाकली, वरून शेण लोटलं. इळा धुतला. दावे तोडले — तिघीचे दावे इळ्यानं कापले आन् हातानं पिंजून ठेवले का तुटल्यासारखे दिसावं. मंग आरडली. अशी बाई हावो मी. हे येईस्तोवर मी साऱ्याले सांगून मोकळी झाली होती का सुटले बाई, घुसले बाई, कसेतरी हाकलून आणले. आन् मनात म्हणत होती, ते आले का त्यायले बाजूले घेऊन सांगतो. मारलं तं मारलं. पण ते आले आन् डॉक्टरनं विचारलं आन् ते बोलले का खुडा माह्यानं उघडा राह्यला. मले वाटलं, बरं झालं, त्यायले तसंच वाटते तं वाटू दे. आज वाटू दे, उद्या सांगतो. उद्याचं परवा झालं. मंग राग-राग झाला, ते रोज असे बसलेले पाहून मलेच त्यायचा राग याले लागला. माणसाची चूक असली ना पोरी, आन् दुसरा तिच्यासाठी भोगते, तं त्याच्याकडे पाहवत नाई. दया नाई येत. रागच येते.

काय म्हणता? वावरात — हो, गेले ना. गेले का नाई, त्याच दिवशी गेले. चांदीले गावाबाहेर नेऊन पुरलं, आन् तथून परस्पर इकडे आले. ह्याच इहिरीजवळ उभे राह्यले. मी घरातून पाहून राहिली होती, दिवस बुडाले आला होता. आत गेले, बसले खाली, उठले. नुसतं पाहून आले असतीन.

डॉक्टरनं सांगितलं होतं का वावर तसंच ठेवा, दोन दिवसात पंचनाम्याले माणसं येतीन, जवारी पाहतीन, किती खाल्ली, कशी खाल्ली, ते लिहितीन. आन् ह्यायनं दुसऱ्या दिवशी दिवस निघाचा होता तं बैल जुपले आन् वखर घातला. पुरा अर्धा एकर. उभी जवारी मातीत घातली, एक बुडखा ठेवला नाई. मी धावत आली इथं, मी म्हटलं, येड लागलं काय तुमाले, पंचनामा व्हाचा हाय ना, काय दाखवान त्यायले? तं बैलावर बी आवाज नाई टाकला, नुसते वखरत राह्यले. कुपाटी पेटवून देली. पंचनाम्यावाले आले तं सपाट वावर. त्यायनं ह्यायलेच दोष देला, उत्तमरावनं सांगितलं का डोकं फिरलं शेषरावचं. ते बी मी सहा वर्ष ऐकवत राह्यली त्यायले का रागानं वखरलं, स्वतःच्या रागापायी पंचनामा घालवला —

काय?

बुडखे. हो. कापलेले बुडखे असतात ना. ढोर जवारी खाते तं ओरबाडते, कोठं शेंडा, कोठं पान, कोठं मुळासगट उपटते, सारं तुडवून ठेवते. आन् इळ्यानं कापली तं एकसारखी, एका उंचीवर, तिरपी. दोन ओळी. ह्या टोकापासून बाभळीपर्यंत. आन् बाकी वावरात एका खुराचा ठसा नाई.

ते बसले होते खाली. मी पाह्यलं होतं, ते खाली बसले होते त्या ओळीजवळ.

लहानपणापासून जवारी कापणारं माणूस हाय ते.

नाई, पाणी नको मले. तुमी प्या.

पंचनाम्यात लिवलं असतं ना, कापून टाकली. मंग विचारलं असतं कोणी कापली. घरी कोण होतं? मी होती. गावात नाव कोणाचं झालं असतं? आन् पोरगी तवा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाले, तिचा जीव होती चांदी, पोरीनं माह्या तोंडाकडे पाह्यलं असतं काय? ... आन् डॉक्टरसमोर बोलले ते तं आल्याआल्याच बोलले. तवा वावर कोठं पाह्यलं होतं त्यायनं. माहं तोंड पाह्यलं असन नुसतं. चाळीस वर्षाचं लग्न हाय.

आन् मी त्यायले म्हटलं, ह्या घरात पुरुष माणूस नाई.

"तू पाय" म्हणत ते. मले वाटे अंग काढून घेतात. साऱ्या गोष्टीत — तू पाय, तू म्हणशीन तसं. सहा वर्ष वाट पाहून राहिले का काय मी बोलाची? का थकले? मले माहीत नाई, पोरी. मी त्यायले कवा इचारलंच नाई, मी नुसती बोलत राह्यली. आता बी पाहा, तुमी घंटाभर झाला बसल्या, एक शब्द तुमाले बोलू देला काय मी?

आणा तो कागद. नाई, शुद्धीवर हावो मी, आणा. पाण्याची सोय — लिवा, विहीर, पंप पंधरा मिनिटं. तसंच लिवा, रकान्यात नाई मावलं तं बाजूले लिवा. पेरणार का — हो. क्षेत्र अर्धा एकर लिहू नका. खोडा ते. चार गुंठे लिवा. पंधरा मिनिटात जेवढं भिजते तेवढंच, इहिरीच्या तोंडाशी, नळी न टाकता. तेवढ्याले इहिरीनं फागुणापर्यंत साथ देली पाहिजे, आन् नाई देली तं चार गुंठ्यावर वखर घालाले एक सकाळ लागते, तेबी येते आमाले. तीन ढोराले पुरणार नाई, मले बी कळते. म्हशीले ज्योत्स्नाच्या सासरी नेऊन ठेवता येते उन्हाळाभर, तिची सासू केवाची म्हणून राहिली, मीच ऐकत नव्हती. दोघी राहतीन मंग. दोघीले कुटार आन् कडवळ मिळून होईन. होईन बहुतेक. पाकीट अर्धंच द्या मले, उरलेलं पुढच्या गावाले न्या. अर्धं देता येत नाई? मंग पुरं ठेवा, आमी उरलेलं पेरणार नाई, एवढं लिहून देतो.

सही? ही खालची जागा माह्यी. चौथी शिकली मी, अंगठा नाई लावत. घ्या. इंदूबाई शेषराव तेलगोटे. वरची जागा त्यायची, मोकळी ठेवा. तिथं मी नाई करणार, आन् तुमी बी तुमच्या मनानं काही लिहू नका. सोडा तो कागद माह्याजवळ, उद्या हापिसात आणून देतो. सही झाली असली तं कागद आणतो, नाई झाली असली तं पाकीट बी वापस आणतो. चार वाजल्याचं तुमच्या सायबाले काय सांगाचं ते सांगा, बाई ऐकत नाई म्हणून सांगा.

ते पाहा, तिकडून. धूळ उडून राहिली ना धुऱ्याच्या पलीकडे, तांबडी पुढं हाय, ते मांगं. आज लवकर वळले. लंगडून राहिले काय थोडे? काटा भरला असन... तुमी निघा आता. नाई, त्यायची भेट नको आज. तुमी समोर असल्या तं ते तुमाले चहा पाजतीन, पाऊसपाण्याचं बोलतीन, आन् मी बी चहाच करत बसन. गाडी त्या मांगच्या वाटेनं काढा, तिकडून सडक लागते. आन् हे पाहा मॅडम, इथं जे ऐकलं ते — नाई. काही नाई सांगत तुमाले. ज्याले सांगाचं त्याले मीच सांगतो. जा तुमी. जा पोरी.

आले काय? द्या, ते दावं द्या मायाजवळ. राहू द्या, ढोरं मी बांधतो. तुमी बसा. इथं नाई, तथी सावलीत बसा. पाय इकडे करा, पाहू द्या.